कोण वाचून दाखवणार?

सकाळी ६.४०

पावसाळ्यात माझा दिवस भिंतीला हात लावून सुरू होतो. ओल कालच्यापेक्षा वर चढली असेल तर चहाच्या आधी खालच्या फळीवरची पुस्तकं वर घ्यायची. आज ओल होती तिथेच आहे. कपाटातल्या कापराच्या वड्या बदलल्या, कडुलिंबाचा पाला नवा ठेवला आणि दाराबाहेरचा परतीचा डबा आत घेतला.

डबा म्हणजे पंधरा लिटरचा गोडेतेलाचा पत्र्याचा डबा, वर पुस्तक जाईल एवढी फट. पावणे गावातून थोडं चाललं की एमआयडीसी लागते. रात्रपाळी सहाला सुटते तेव्हा वाचनालय बंद असतं, म्हणून घरी परतणारी माणसं पुस्तक फटीतून आत सोडून जातात. आज तीन निघाली. दोन जशी गेली तशी आली आहेत. तिसरं माधुरी पुरंदरे यांचं, बाबांवर आणि त्यांच्या मिशांवर जीव असलेल्या मुलीचं, 'प्रथम बुक्स'नं काढलेलं. त्याच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात काळसर तेलाचा अंगठा उमटला आहे. मोठ्या माणसाचा अंगठा. पहिल्या पानावर गडद, मग फिका होत गेलेला, आणि मध्येच एका पानावर पुन्हा गडद.

खोडरबर हातात घेतलं आणि ठेवून दिलं. नोंदवही पाहिली. पुस्तक दुसरीतल्या एका मुलीच्या नावावर आहे. तिचे वडील फिटर. मुलीचं नाव घालायला आले होते तेव्हा उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "मी काय वाचणारा माणूस नाही ताई, हिला द्या," एवढंच म्हणाले होते.

७.३०

आज फळ्यावर महिन्याची पुस्तकं लिहायची. फळ्याला चार रकाने आहेत: आजीसोबत, आईबाबांसोबत, ताई-दादासोबत, एकट्यानं. वय कुठेच लिहिलेलं नाही.

पहिली दोन वर्षं मी वयच लिहीत होते. तीन ते पाच, सहा ते आठ, पुस्तकाच्या मागच्या बाजूला छापतात तसं. मग एकदा चार वर्षांच्या मुलासाठी नेलेलं एक देखणं पुस्तक तीन आठवड्यांनी कोरं करकरीत परत आलं. चौकशी केली. आई दिवसभर पॅकिंगच्या कामाला, बाबा रात्रपाळीला, आणि संध्याकाळी धाकट्याला सांभाळणारी बहीण नऊ वर्षांची. पानभर बारीक मजकूर बघून तिनं पुस्तक मिटलं ते मिटलंच. तिची काही चूक नव्हती. पुस्तक निवडताना मी ऐकणाऱ्याचं वय बघितलं होतं. वाचणार कोण, हे विचारलंच नव्हतं. ज्याला अजून अक्षर येत नाही त्याचं पुस्तक दोघांचं असतं, आणि त्यातला दुसरा माणूस बहुधा दमलेला असतो. तेव्हापासून पुस्तक हातात देण्याआधी मी एकच विचारते: घरी कोण वाचून दाखवणार?

'ताई-दादासोबत'च्या रकान्यात आज माधुरी पुरंदरे यांचंच 'राधाचं घर' लिहिलं. नवं नाही, पण या महिन्यात चार नवी घरं आली आहेत आणि त्यांच्यासाठी ते नवंच आहे. छोटी छोटी पुस्तकं, एकेकात घरातलं एकेक माणूस. नऊ वर्षांची मुलगी एका बैठकीत एक संपवू शकते, आणि धाकट्याला 'आता बाबांचं' म्हणून दुसरं मागता येतं. पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पालकांना मी ते सांगते, कारण पुरस्कार म्हटलं की पुस्तक 'नुसतं चित्रांचं' राहत नाही. मुलांना ते सांगायची गरज पडत नाही.

९.३०

बालवाडी. सव्वीस मुलं, आज पावसामुळे एकोणीस.

गोष्टीच्या वेळेला मी पुस्तक छातीशी धरून वाचते, पानं मुलांकडे. मजकूर मला आधीच पाठ असतो, नसला तर ते पुस्तक त्या दिवशी वाचत नाही. पान उलटण्याआधी थांबते. मोठ्यांना ही शांतता जड जाते, लगेच काहीतरी विचारावंसं वाटतं. पण तीन वर्षांच्या मुलाला चित्र बघायला आणि शब्द शोधायला वेळ लागतो, आणि बोलायचं असतं ते त्या थांबण्यातच बोलतं.

आज जे झालं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. एका भाषांतरित पुस्तकात टेकडीवर लाल छपराचं घर, छपरावर धुराडं, त्यातून धूर. "हे काय आहे?" असं मी विचारायच्या आत साडेतीन वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "कंपनी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. धूर सोडणारी वस्तू त्यांनी खिडकीतून रोज बघितलेली आहे. गोष्टीत पुढे त्या घरात एक आजी खीर करते. मुलांनी तेही सहज मान्य केलं: कंपनीत आजी आहे, ती खीर करते, कॅन्टीन असेल. मी दुरुस्त केलं नाही. गोष्ट त्यांची झाली होती.

तरी मनात राहतंच. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, पत्र्याच्या छपराखाली, एका बाजूला खाडी आणि एका बाजूला टँकरची रांग असलेलं घर चित्रात असेल असं पुस्तक मला हवं आहे. मुंबईच्या मुलांना विंदा करंदीकरांनी १९६१ मध्ये 'राणीची बाग' दिली. त्यांची ओळखीची जागा त्यांना कवितेत सापडली. आमच्या मुलांची जागा अजून कुणी काढायला बसलेलं नाही.

११.४५

आज लसीकरणाचा दिवस. बालवाडी सुटली की मी पिशवी घेऊन लसीकरण केंद्रातल्या बाकावर जाऊन बसते. पिशवीत जाड पुठ्ठ्याच्या पानांची सहा पुस्तकं आणि कापडाची दोन, मीच शिवलेली, पांढऱ्यावर काळी चित्रं: डोळे, मासा, पान, वाटी. अगदी तान्ह्या बाळाला फिके रंग नीट दिसत नाहीत, काळं-पांढरं दिसतं.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये तपासणीला आलेल्या बाळांच्या हातात पुस्तक द्यायला सुरुवात केली, आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला १९९२ पासून तान्ह्या बाळांच्या पालकांना पुस्तकं मिळू लागली. मी वाचलं तेव्हा मला त्यातली जागा आवडली. शहाण्या-सुरत्या आईलाही 'सहा महिन्यांच्या बाळाला पुस्तक' हे वाचनालयात ऐकायला विचित्र वाटतं. रांगेत बसून, बाळ रडत असताना, समोर माशाचं चित्र आलं आणि बाळ दोन क्षण थांबलं, की पुढचं बोलावं लागत नाही.

आज एक नवी आई जौनपूरकडची. "हमको मराठी नहीं आती," म्हणाली. मी पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं. लिपी देवनागरीच. तिनं अक्षरं लावत लावत पूर्ण ओळ वाचली, अर्थ न कळता, आणि शेजारी उभा तिचा पाच वर्षांचा मोठा मुलगा, इथेच वाढलेला, तिला अर्थ सांगू लागला. वाचणार आई आणि समजावणार मुलगा! माझ्या फळ्यावर याला रकाना नाही. दोन पुस्तकं तिला दिली आणि रकान्याचा विचार करत घरी आले.

दुपारी १.३०

जेवण झालं आणि पार्सल उघडलं. दहा नवी पुस्तकं.

दुपारचे हे दोन तास मला दिवसातले सगळ्यात मोलाचे. प्रत्येक पुस्तक मी मोठ्यानं वाचते, दार लावून, एकटीनं. डोळ्यांनी वाचून लहान मुलांचं पुस्तक कळत नाही. जीभ अडखळली की पेन्सिलीनं समासात बारीक टिंब. एका पानावर तीन टिंबं झाली तर पुस्तक दमलेल्या बापाच्या हातात जायचं नाही. बहुतेक टिंबं जोडाक्षरांपाशी पडतात. 'उत्सुकतेने', 'आश्चर्यचकित', 'स्वच्छतेचे महत्त्व' असे शब्द ज्यांना वाचायची सवय आहे त्यांना दिसतही नाहीत, पण पाचवीत शाळा सुटलेल्या माणसाला ते खड्ड्यासारखे लागतात. तो एकदा पडला आणि मूल हसलं, की पुस्तक फडताळावर जातं ते कायमचं. दुसरी टिंबं भाषांतराची. पात्राचं नाव बदलून चिंटू केलेलं असतं, पण वाक्य अजून परक्या मुलुखातच असतं. आपल्याकडे कुठलं मूल आईला 'तू किती अद्भुत आहेस' म्हणतं?

कवितेचं वेगळं. कविता अडखळणाऱ्याला सांभाळून घेते, पुढचा शब्द यमकच सांगून टाकतं. म्हणून 'आईबाबांसोबत'च्या रकान्यात मी कवितासंग्रह आवर्जून ठेवते. साहित्य अकादमीचा मराठी बालसाहित्य पुरस्कार २०२३ मध्ये एकनाथ आव्हाड यांच्या 'छंद देई आनंद'ला मिळाला आणि २०२५ मध्ये सुरेश सावंत यांच्या 'आभाळमाया'ला. दोन्ही कवितांचीच पुस्तकं. 'नवीन काय द्यावं' असं विचारणाऱ्याला मी ही दोन आधी सुचवते. एका रात्रीत एक कविता, बस. मोठ्या गोष्टीचं ओझं बापाच्या डोक्यावर राहत नाही.

'एकट्यानं'च्या रकान्यात भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' लिहिली. २०२४ चा पुरस्कार तिला आहे, पण मुलं ती नेतात भूतबंगल्यासाठी. त्याखाली संगीता बर्वे यांची 'पियूची वही', २०२२ चा पुरस्कार. ती वाचल्यावर सहावीतल्या दोघी वही आणायला निघाल्या. माझ्या लेखी पुस्तकाची ह्याहून मोठी पावती नाही. आणि फास्टर फेणे कायम. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा सायकलवरून सुटला की इथल्या मुलग्यांना भाषेचं वय जाणवत नाही. अकरा वर्षांचा मुलगा एकट्यानं वाचायला बसला तर मी नवं-जुनं काही बघत नाही.

पार्सलच्या खाली आणखी एक गोणी आहे, देणगीतली. तीन वर्षांपूर्वीची गाइडं, कुठल्या तरी कंपनीच्या जुन्या डायऱ्या, पानं गळालेला एक कोश, आणि तळाशी गोष्टींची दोन फाटकी पुस्तकं. कुणी पाठवली ते लिहायचं नाही. पण हे बोललं पाहिजे: जे आपल्या नातवाच्या हातात देणार नाही ते दुसऱ्याच्या लेकराला दान म्हणून देऊ नये. गरिबाच्या मुलालाही करकरीत पानाचा वास हवा असतो. सुबक चित्रांचं नवं पुस्तक मुलगी दोन्ही हातांनी उचलते, फाटकं एका हातानं. मी रोज बघते.

४.००

शाळा सुटली. खोली दहा बाय बारा. एमआयडीसीनं साठच्या दशकात जमिनी घेतल्या त्याआधी घरमालकीण आजींच्या सासरी भातशेती होती, आणि ही त्यांची भाताची खोली. आता चारशे ऐंशी पुस्तकं आणि संध्याकाळी तीस-पस्तीस मुलं. आगरी, मराठवाड्यातली, साताऱ्याकडची, कलबुर्गीकडची, उत्तर प्रदेशातली.

पहिला अर्धा तास फक्त देवघेव. नवी मुलं सगळ्यात जाड पुस्तक मागतात, त्यांना मी ते देते आणि सोबत एक बारीक देते. बारीक वाचून येतं.

एका वॉचमनकाकांना नातवासाठी पुस्तक हवं होतं. लहानपणी काय वाचायचात, विचारलं. 'किशोर' म्हणाले. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. त्यांच्या फोनवर लावून दिलं. काका उभ्या उभ्या एक एक मुखपृष्ठ सरकवत गेले आणि एकावर थांबले. हा अंक त्यांच्या घरी होता. नातू ओढत होता, चला ना, चला ना. काका म्हणाले, "थांब, ह्यातलं तुला दाखवतो." आजोबाला स्वतःला काहीतरी सापडलेलं असलं की नातवाला ते आपोआप पोचतं. मोबाइलवरच्या पुस्तकांना माझी हरकत नाही. 'प्रथम बुक्स'नं २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं, त्यावर शेकडो मराठी गोष्टी आहेत, छापूनही घेता येतात. अट एवढीच की फोन मोठ्या माणसाच्या हातात आणि मूल त्याच्या मांडीवर. फोन एकट्या मुलाकडे गेला की दुसऱ्या मिनिटाला गोष्ट जाते आणि गाडी धावू लागते.

पाच वाजता पावसानं फळी धरली. वर पत्रा. माझा आवाज पहिल्या ओळीतल्या मुलांनाही पोचेना. अशा वेळी पूर्वी मी मुलांना गप्प बसवत असे. आता 'चित्रवाचन' काढते. पुरंदरे यांचंच, ज्योत्स्ना प्रकाशनाचं, मोठमोठ्या चित्रांचं, वाचण्यासारखं काही नसलेलं आणि बोलण्यासारखं भरपूर असलेलं. पुस्तक जमिनीवर मधोमध उघडं ठेवलं. मुलं गोल करून पोटावर झोपली. पत्रा वाजतोय, कुणाला काही ऐकू येत नाही, आणि वीस बोटं चित्रावर फिरताहेत. एकानं बोट ठेवलं, दुसरीनं त्याचं मनगट धरून दुसरीकडे नेलं. कलबुर्गीकडची मुलगी, जी गेले दोन महिने इथे एक शब्द बोललेली नाही, तिनं चित्रातल्या एका कोपऱ्याकडे बोट केलं आणि मोठ्यानं कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. पावसात ते मलाही कळलं नाही. शेजारचा म्हणाला, "हो, हो!" आणि त्यानंही तिथेच बोट ठेवलं.

पाऊस थांबला तेव्हा ती पुन्हा गप्प झाली. पण पुस्तक तिनं घरी नेलं. 'कोण वाचून दाखवणार' हे आज मी तिला विचारलं नाही.

६.४५

मुलं गेल्यावर घरमालकीण आजी येतात. येताना मुठीत शेंगा किंवा कणीस असतंच. पहिल्या वर्षी त्या दारातूनच म्हणाल्या होत्या, "मना वाचाला नाय येत, पन चित्रा कलतान गो बाय." 'आजीसोबत' हा रकाना त्या एका वाक्यातून आला.

आजींना मी शब्द नसलेली किंवा अगदी थोडे शब्द असलेली पुस्तकं देते, पाणी आणि मासे असलेली असतील तर उत्तम. त्या पान उघडतात आणि चित्रातल्या तळ्याची खाडी होते. त्यांच्या लहानपणी निवट्या कशा पकडायचे, चिंबोरी कुठल्या बिळात असते, ओहोटीला चिखलात पाय कसा टाकायचा. नातू इंग्रजी शाळेत जातो. त्याला निवटी हा मासा माहीत नव्हता, 'चिखलावर चालणारा' म्हटल्यावर डोळे मोठे झाले. छापलेल्या पुस्तकात यातलं एक अक्षर नाही. पण पुस्तक मांडीवर नसतं तर आजींनी हे सांगितलं नसतं आणि त्यानं ऐकलं नसतं. काही पालक म्हणतात, शब्द नसलेल्या पुस्तकाला पैसे कशाला? मी त्यांना एकदा संध्याकाळी पावणेसातला या म्हणते.

आज आजींनी परत दिलेल्या पुस्तकात शेंगेचं टरफल निघालं. झटकून टाकलं.

रात्री ९.१०

नोंदवही पूर्ण केली: सत्तेचाळीस गेली, एकोणचाळीस आली. फळ्यावर पाचवा रकाना आखला, पण त्याला नाव काय द्यावं ते सुचेना. जौनपूरच्या आईचा विचार करत होते. दारावर टकटक.

फिटर. पाठीला सॅक, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, पाण्यानं निथळत. सोबत मुलगी नाही. उंबऱ्याच्या बाहेरच उभे.

"ताई, सकाळी डब्यात टाकलं ते पुस्तक. डाग पडलेत. पैसे भरायचेत का?"

मी नाही म्हटलं. मग राहवेना, विचारलं, "दादा, तुम्ही वाचलंत?"

ते टोपीचं पाणी झटकत राहिले. "दोनच्या चहाला, मशीनपाशी. दोन-तीन रात्री. आधी तिथं वाचून बघतो, मग घरी. घरी अडलो की पोरगी हसते." थोडं थांबून म्हणाले, "परवा नाही हसली. झोपली नाही, पुन्हा वाच म्हणाली."

आत या म्हटलं. चपला बाहेर काढून पहिल्यांदा आत आले आणि सतरंजीच्या कडेला उकिडवे बसले. "अजून तसलं एक द्या. जाड अक्षराचं. आणि ते एकावर एक अक्षर असतं ना, ते कमी असलेलं."

दुपारच्या पार्सलमधली दहाही पुस्तकं मी त्यांच्यासमोर काढली. पेन्सिलीची टिंबं बघत एकेक बाजूला करत गेले. सात गेली. आठवं चांगलं, पण शेवटचं पान गच्च. नववं कवितांचं, ते त्यांनी हातात घेतलं, ओठ हलवत चार ओळी वाचल्या, मान हलवली, ठेवून दिलं. "गाण्यासारखं आहे. मला लाज वाटेल." दहावं एका कुत्र्याच्या पिल्लाचं, पानाला दोन ओळी. तिथे मी दुपारी एकच टिंब ठेवलं होतं. ते पान उघडून मी तो शब्द त्यांच्यासमोर फोडून वाचला. त्यांनी माझ्यामागून वाचला. पुन्हा वाचला.

कोपऱ्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. त्यांनी पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी सॅकमध्ये डब्याच्या वर ठेवली, आणि नोंदवहीकडे बघून विचारलं, "ह्याच्यावर पोरीचंच नाव टाकणार ना?"

"तुमचं टाकू का?"

"टाका," म्हणाले, आणि चपला हातातच घेऊन बसकडे पळाले.